एक्स्टेंडेड स्टे हॉटेलात महिनाभर राहायचंय? आधी शेगडी बघा, मग पैसे भरा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला ऑनसाइट मिळालं, म्हणजे कंपनीने कामाला अमेरिकेत पाठवलं, टेक्सासमधल्या डॅलसजवळ इर्व्हिंगला. कंपनीने पहिल्या १४ दिवसांचं हॉटेल दिलं, पुढचं आपलं आपण बघा म्हणाले. अपार्टमेंट मिळायला वेळ लागणार हे माहीत होतं म्हणून आम्ही एक्स्टेंडेड स्टे म्हणजे आठवडेच्या आठवडे राहायचं, किचनवालं हॉटेल शोधलं, फोटो मस्त, किचन आहे, फ्रीज माणसाएवढा, आठवड्याचा रेट बघून तर म्हटलं लॉटरीच लागली, आणि मी शहाणीने एकदम चार आठवड्यांचं बुक करून टाकलं, तेही रिफंड न मिळणारं, कारण ते रात्रीला चार-पाच डॉलरने स्वस्त पडत होतं. पुढचा महिनाभर त्या चार-पाच डॉलरची किंमत मोजली.

हॉटेलचं नाव घेत नाही, उपयोग पण नाही त्याचा, का ते पुढे येईलच. पण आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर दोन महिन्यांनी फोन करून विचारतं की अगं आम्ही पण तसंच बघतोय, काय काय बघायचं? म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी हा प्रकार काय आहे ते कळलं पाहिजे. १९७५ ला कॅन्ससमधल्या विचिटामध्ये जॅक डिबोअर नावाच्या अपार्टमेंट बांधणाऱ्या माणसाने रेसिडेन्स इन सुरू केलं, बदली झालेले, प्रोजेक्टवर आलेले, घराचं काम चालू असलेले असे लोक आठवडेच्या आठवडे हॉटेलात काढतात तर त्यांना घरासारखी खोली द्यावी ही कल्पना, मग १९८७ ला मॅरियटने ते विकत घेतलं, आणि पुढे सगळ्यांनीच हा धंदा उचलला, त्यात अगदी स्वस्तातले पण आले. आता घोळ असा की महागडं आणि स्वस्त दोन्हीला नाव एकच, एक्स्टेंडेड स्टे. महागड्यात भांडीकुंडी खोलीतच असतात, सकाळचा नाश्ता असतो, साफसफाई बरी असते. स्वस्तात दोन शेगड्या, मायक्रोवेव्ह आणि फ्रीज एवढंच, भांडी खाली जाऊन मागून आणायची, सफाई आठवड्यातून एकदा, नाश्ता म्हणजे लॉबीत कॉफी आणि फार तर पुडीतला मफिन. फोटोत मात्र दोन्ही सेम दिसतात, तीच करड्या रंगाची चादर आणि तोच टेबललॅम्प.

दुसरी गोष्ट, पाटी मोठ्या ब्रँडची असली तरी बऱ्याच ठिकाणी बिल्डिंगचा मालक वेगळाच असतो, ब्रँड फक्त नाव देतो. इथल्या मोटेलच्या धंद्यात आपले गुजराती लोक इतके आहेत की १९८९ पासून त्यांची स्वतःची संघटना आहे. आमच्याकडे पण काउंटरवर एक गुजराती काका होते, नवऱ्याला वाटलं केम छो म्हटलं की काहीतरी सूट मिळेल, काकांनी गोड हसून पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड मागितलं. तर मुद्दा असा की एकाच नावाचं हॉटेल हायवेच्या एका एक्झिटला झकास असतं आणि पाच मैलांवर उकिरडा. म्हणून ब्रँडचे रिव्ह्यू वाचू नका, त्या पत्त्यावरच्या त्या बिल्डिंगचे वाचा, गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच, आणि एक-दोन स्टारवाले आधी. वास, झुरळं, ढेकूण, डिपॉझिट असे शब्द टाकून सर्च करा. मालक बदलला की हॉटेल पण बदलतं, चांगल्याचं वाईट आणि कधी कधी उलटंही, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या पाच स्टारला काही अर्थ नाही.

बुकिंग: पहिला एकच आठवडा

यातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. कितीही दिवस राहणार असलात तरी पहिला आठवडाच बुक करा, रद्द करता येणारा रेट घ्या, आणि थेट हॉटेलकडूनच घ्या. मधल्या साइटवरून घेतलं की तक्रार केल्यावर हॉटेल म्हणतं साइटला विचारा आणि साइट म्हणते हॉटेलला विचारा, तुम्ही मधे टेबल टेनिसचा बॉल. आठवड्याने पैसे भरायचे असले की काउंटरवरच्या माणसाला पण माहीत असतं की हे लोक सोमवारी सोडून जाऊ शकतात, मग टॉवेल पण पटकन मिळतात. आम्ही चार आठवडे आधीच भरून बसलो होतो, आम्हाला कोण विचारतंय.

फक्त एक अट, पुढचा आठवडा वाढवायचा असेल तर तो शेवटच्या दिवशी वाढवायला जाऊ नका. वाढवलेल्या दिवसांना जुना रेट मिळेलच असं नाही, त्या दिवशी जो चालू असेल तो लागतो. आमचं अपार्टमेंट नऊ दिवस पुढे ढकललं गेलं आणि आमचे चार आठवडे संपत होते १० ऑक्टोबरला. मी सकाळी आरामात खाली गेले तर कळलं शनिवारी १२ तारखेला टेक्सास आणि ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच आहे, दरवर्षी डॅलसच्या स्टेट फेअरमध्ये असते, अख्ख्या राज्यातून माणसं येतात, हॉटेल जवळजवळ फुल. मिळाली खोली, पण त्या तीन रात्रींचा रेट बघून माझ्या पोटात गोळा आला. आणि वर येईपर्यंत दाराचं कार्डच बंद झालेलं! चेकआउटची वेळ टळली की सिस्टीम आपोआप कार्ड मारते, आत गॅसवर म्हणजे शेगडीवर वरण आणि लेक माझ्यासोबत बाहेर कॉरिडॉरमध्ये, नशीब शेगडी बंद करून गेले होते. तर चार दिवस आधी वाढवा, आणि ज्या शहरात जाताय तिथे त्या दिवसांत मॅच, जत्रा, कॉन्फरन्स काय आहे ते बुकिंगच्या आधी बघून ठेवा.

बुक करण्याआधी हॉटेलला फोन करा, हजार मैलांवरून असला तरी करा. भांडी खोलीत आहेत की मागायची, मागायची तर नेमकी काय काय मिळतात, सफाई किती दिवसांनी, वायफाय फुकटवालं किती स्पीडचं (बऱ्याच ठिकाणी फुकटचं मेल बघण्यापुरतं आणि घरून काम करायचं तर रोजचे वेगळे पैसे), कार्डावर किती रक्कम अडकवून ठेवणार, पार्किंगचे पैसे. उत्तर देणारा वैतागला तर ते पण एक उत्तरच आहे. हो आणि १२ मे २०२५ पासून एफटीसीचा (ग्राहकांची फसवणूक रोखणारं इथलं सरकारी खातं) नियम आलाय, हॉटेलने सक्तीच्या सगळ्या फी धरून एकूण किंमत आधीच दाखवली पाहिजे, सरकारी टॅक्स तेवढा वेगळा दाखवता येतो. आम्ही होतो तेव्हा हा नियम नव्हता. पण सक्तीचं नसलेलं, म्हणजे फास्ट वायफाय वगैरे, ते अजूनही वेगळंच लागू शकतं.

कार्डाचं नीट ऐका. हॉटेल डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवतं, क्रेडिट कार्ड दिलं तर फक्त लिमिट कमी होतं, डेबिट दिलं तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सोडून द्यायला पुढे बँक काही दिवस लावते. नवीन देशात अकाउंटला मोजकेच पैसे असताना हे फार लागतं.

खोलीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं

बॅगा वर नेऊ नका. एकाने बॅगांपाशी थांबायचं, एकाने फोनचा टॉर्च घेऊन वर जायचं. नेल्याच असतील तर बाथटबमध्ये ठेवा, हसू नका, ढेकणांना गुळगुळीत टबमध्ये चढता येत नाही आणि आले तर पांढऱ्यावर लगेच दिसतात. मग गादीची चादर कोपऱ्यातून वर करायची, शिवणीच्या कडेकडेने टॉर्च फिरवायचा, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे बघायचं. मोठा ढेकूण साधारण मसुराच्या दाण्याएवढा असतो, पण तो दिसायच्या आधी त्याचे काळे ठिपके दिसतात, जेल पेनने टिंबं दिल्यासारखे. दिसले तर खोली नाही, जमलं तर हॉटेलच बदला, आणि खोलीच बदलून घेत असाल तर शेजारची किंवा वरची-खालची घेऊ नका, ते भिंतीतून फिरतात. कपड्यांबद्दल शंका असेल तर थेट ड्रायरमध्ये फुल गरमवर अर्धा तास.

आम्हाला ढेकूण नव्हते, खोटं कशाला बोलू. आम्हाला वास होता. दारावर धूम्रपान नाहीची पाटी आणि आत उघडलं की शिळ्या सिगारेटचा आणि त्यावर मारलेल्या लिंबू स्प्रेचा असा एक मिक्स वास की लेक म्हणाली, आई इथे एसटी स्टँडसारखं येतंय. (चार वर्षांची आहे, सांगली स्टँड तिला चांगला आठवतो.) वासाचं एक सांगते, एसी चालू करून पाच मिनिटं थांबा. या हॉटेलांत एसी खिडकीखाली भिंतीतच बसवलेला असतो, त्याची पुढची जाळी निघते आणि फिल्टर हाताने बाहेर ओढता येतो. मी चौथ्या दिवशी ओढला, लोकरीची बंडी निघावी तसा धुळीचा थर निघाला. बाथटबमध्ये धुतला, वाळवला, परत लावला, वास निम्मा झाला. हे काम माझं नव्हतं हे मला माहितीये, पण सप्टेंबरमध्ये टेक्सासचं ऊन काय असतं ते पण माहितीये.

झुरळांसाठी सिंकखालचं कपाट उघडा, मायक्रोवेव्ह थोडा पुढे ओढा, फ्रीजच्या दाराच्या रबरात बघा. दिवसाढवळ्या एक दिसलं तर आत कुटुंब आहे असं समजा. मग दार नीट लागतं का, आतली कडी आहे का, गरम पाणी किती वेळाने येतं, फ्लश. लिफ्टच्या आणि बर्फाच्या मशीनच्या शेजारची खोली नको, रात्रभर खडखड. हायवेच्या बाजूची पण नको. जे जे खराब दिसेल त्याचा लगेच फोटो, कार्पेटवरचा डाग सुद्धा, म्हणजे जाताना तो तुमच्या नावावर लागणार नाही.

आणि आता शेगडी. तुम्ही एक्स्टेंडेड स्टेला जास्तीचे पैसे देताय ते या शेगडीसाठी, ती चालत नसेल तर साध्या मोटेलात राहून पिझ्झा खाल्लेला परवडला. दोन्ही शेगड्या चालू करून लाल होईपर्यंत थांबा. आमची एक चालायची, दुसरी कोमट व्हायची आणि तिरकी पण होती, तेल टाकलं की सगळं तेल एका कडेला जमायचं, मी महिनाभर फोडणी तव्याच्या एकाच कोपऱ्यात केली. दुरुस्तीवाला उद्या येतो, असं किती उद्या गेले मोजायचं सोडून दिलं.

स्वयंपाकाचं

भांडी मागितल्यावर आम्हाला एक प्लास्टिकचं खोकं मिळालं, त्यात एक पातेलं, एक नॉनस्टिक तवा ज्याचा नॉनस्टिक केव्हाच कोणाच्या तरी पोटात गेलेला, दोन ताटल्या, दोन मग, दोन काटे, चमचा एक. आम्ही माणसं तीन. त्यामुळे घरून एक छोटा कुकर, एक कढई, चिमटा, पोळपाट नको पण लाटणं हवं (ओटा स्वच्छ पुसून त्यावर लाटता येतं), आणि स्टीलच्या दोन वाट्या आणा. मिक्सर आणू नका, आपला २३० व्होल्टचा आणि इथे १२० व्होल्ट, नुसता कण्हतो. राईस कुकर इथेच घ्या, स्वस्त मिळतो, नंतर घरात पण कामाला येतो. मसाला, मेतकूट, भडंग चालतं, पण कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचं आहे म्हणून खरं सांगायचं, आणि मटण-चिकनचं काही, ताजी फळं असलं आणायचं नाही.

स्मोक अलार्म हा या सगळ्याचा व्हिलन. शेगडीवरचा पंखा असतो तो बहुतेक ठिकाणी धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. पहिल्याच रविवारी पिठल्याला लसूण-मिरचीची फोडणी दिली, आमचा कांदा-लसूण मसाला पडला, आणि जो अलार्म बोंबलला की लेक पलंगाखाली, नवरा खुर्चीवर उभा राहून टॉवेलने वारा घालतोय आणि मी इकडे पिठलं ढवळतेय कारण गुठळ्या होतील. तर अलार्मवर पिशवी-बिशवी बांधू नका, तो गुन्हा ठरू शकतो, दंड होतो आणि मुळात जिवाचा प्रश्न आहे. त्यापेक्षा बाथरूमचा पंखा चालू ठेवून दार उघडं ठेवा, खिडकी उघडत असेल तर उघडा, तेल मध्यम गरम, मोहरी टाकली की झाकण, तिखट-हिंग-हळद शेगडीवरून उतरवल्यावर. कॉइलची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते त्यामुळे उतरवा म्हणजे खरंच उतरवा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. फुलका कॉइलवर जाळी ठेवून फुगतो पण पिठाचा कण जळला की परत अलार्म, आम्ही घडीच्या पोळ्यांवर आलो. पापड मायक्रोवेव्हमध्ये. कुकरच्या शिट्टीचं शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आमच्या शेजारच्या ट्रकवाल्या काकांना पहिल्यांदा वाटलं पाइप फुटला, नंतर वरणभात दिला तर दर रविवारी वाट बघायला लागले.

घटस्थापना ३ ऑक्टोबरला तिथेच आली. मेणबत्ती, उदबत्ती सगळ्याला बंदी, सासूबाई व्हिडिओ कॉलवर, त्यांना कसं सांगायचं कळेना. शेवटी बॅटरीचा दिवा लावला, कागदी कपात माती घालून गहू पेरले, आणि ते कप सफाईवाल्या बाईने कचरा समजून टाकून दिले. आठवड्यातून एकदा येणारी बाई नेमकी त्याच दिवशी आली. त्यावर मला तक्रारही करता येईना.

टॅक्स

हे कोणीच सांगत नाही म्हणून नीट वाचा. टेक्सासमध्ये हॉटेलच्या बिलावर राज्याचा ६ टक्के टॅक्स आणि वर गावाचा वेगळा असतो. पण तुम्ही सलग ३० दिवस किंवा जास्त राहणार असं हॉटेलला लेखी कळवलं तर कळवल्या दिवसापासून तो लागत नाही. कळवलं नाही तर पहिले ३० दिवस भरायचा आणि ३१व्या दिवसापासून माफ. मधे एका रात्रीचा जरी खंड पडला तरी मोजणी परत एकपासून, आणि ३० दिवस म्हणून मधेच सोडून गेलात तर राहिलेला टॅक्स भरावा लागतो. आम्ही २८ दिवस अधिक ९ असे ३७ दिवस राहिलो आणि अडाणीपणाने ३० दिवसांचा पूर्ण टॅक्स भरला. आता म्हणाल तूच तर आठवडाच बुक कर म्हणालीस, हो, पण एक आठवडा बघून खोली बरी वाटली की लगेच लेखी पत्र द्या, उरलेल्या दिवसांचा तरी वाचेल. नियम राज्यागणिक वेगळे, फ्लोरिडात ही सूट मिळायला सहा महिन्यांच्या वर राहावं लागतं, तेव्हा जिथे जाताय तिथलं बघा.

तक्रार कशी करायची

तोंडी केलेली तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात, शिफ्ट बदलली की संपलं. सकाळी मॅनेजर असतो तेव्हा जा, फोटो दाखवा, आणि खोलीत येऊन लगेच ईमेल करा, आज अमुक वाजता अमुक बोलणं झालं, तुम्ही अमुक दिवशी दुरुस्त करतो म्हणालात. आरडाओरडा नको. काय हवंय ते एकच नेमकं मागा, खोली बदलून द्या किंवा अमुक रात्रींचे पैसे कमी करा, नुसतं "फार वाईट आहे हो" म्हटलं की ते "सॉरी" म्हणतात आणि हिशोब मिटतो. मी पहिले दहा दिवस हेच करत होते, सॉरी गोळा करत होते. ईमेल सुरू केल्यावर दोन दिवसांत खोली बदलून मिळाली, वास कमी, शेगडी मात्र तिकडेही तसलीच. म्हणून म्हटलं नाव सांगून उपयोग नाही, नवीन खोली मिळाल्यावर तीच बिल्डिंग मला अर्धी बरी वाटायला लागली होती.

चुकीचे पैसे लावलेत आणि ऐकतच नाहीत तर क्रेडिट कार्डवाल्या बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो, ज्या स्टेटमेंटवर ते पैसे दिसले ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी. तेव्हा ते ईमेल आणि फोटो कामाला येतात. डेबिट कार्डाला हा डिस्प्यूटचा कायदा लागू नाही, हॉटेलात क्रेडिट कार्डच द्यायचं हे अजून एक कारण.

पोस्टाचं पण बघा. सोशल सिक्युरिटी कार्ड (इथल्या सरकारी नंबरचं), बँकेचं कार्ड हे सगळं टपालाने येतं, आणि हॉटेलात टपाल काउंटरवरच्या एका खोक्यात पडून असतं, कोणीही चाळतं. ओळखीच्या मराठी कुटुंबाचा पत्ता मिळाला तर तो द्या.

निघताना घाई करू नका. भांडी मोजून, ओट्यावर मांडून फोटो काढा. काउंटरवरून शेवटचं बिल कागदावर घ्या, खाली शिल्लक शून्य लिहिलेलं असलं पाहिजे, आणि डिपॉझिट कधी सुटणार ते काउंटरवरच्या माणसाकडून त्याच कागदावर लिहून घ्या. आमच्या खोक्यातला चमचा एक होता, काउंटरवरच्या गुजराती काकांच्या यादीत दोन. मी पहिल्या दिवशीचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर करून झूम करून बघितला, यादीतला दोन खोडला आणि एक केला.